काच तीच, बिल मात्र नव्या काचेचं

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही गोव्यातल्या डिचोलीहून बेळगावला निघालो होतो. गाडी मी चालवत होते, शेजारी सासूबाई, मागे लेक. केरी सोडून चोरला घाटाला लागलं की पावसाळ्यात धुकं थेट रस्त्यावर उतरतं. मागची काच आतून धुरकट झाली म्हणून मी डिफॉगरचं, म्हणजे काचेवरच्या बारीक तारा तापवून धुरकटपणा घालवायचं बटण दाबलं. चार-पाच वळणं गेली असतील, तेवढ्यात जळका वास आला. घाटात ट्रकच्या क्लचचा वास नेहमीचाच, म्हणून आधी लक्ष दिलं नाही. मग लेक मागून म्हणाली, "आई, इथे हात लावला तर भाजतंय गं."

बटण बंद केलं, रुंद जागा बघून गाडी बाजूला घेतली आणि पावसातच डिकी उघडली. काचेच्या उजव्या कडेला जिथे वायर येऊन जोडलेली असते, तिथलं प्लॅस्टिकचं टोपण मऊ पडून एका बाजूला लोंबत होतं. काचेच्या मधोमध तळहात ठेवला तर नुसती कोमट. हे मी स्वतःच्या हाताने पाहिलं, पण त्याचा अर्थ लावला नाही. तो लावला असता तर साडेचौदा हजार रुपये वाचले असते.

परत आल्यावर गाडी म्हापशाच्या वाटेवरच्या एका गॅरेजात नेली. गॅरेज मोठं, बाहेर गाड्यांची रांग, आत एसी ऑफिस. मुलाने बटण चालू केलं, कोपऱ्याला बोट लावून झटकन मागे घेतलं आणि आत जाऊन मालकाला घेऊन आला. मालक म्हणाला, "बाय, काच बदलची पडटली." काचेतल्या तारा आतून शॉर्ट झाल्यात, काच जास्त तापतेय, एखाद्या दिवशी चालत्या गाडीत फुटेल आणि मागे बसलेल्या लेकराच्या अंगावर पडेल, असं त्याने सांगितलं. लेकराचं नाव काढल्यावर मी पुढे काही विचारलंच नाही. पाच मिनिटांत निदान झालं. त्या पाच मिनिटांत कुणाच्याही हातात व्होल्ट-करंट मोजायचा मीटर नव्हता.

इन्शुरन्सचं विचारलं तर म्हणाला, सर्व्हेयर यायलाच आठ दिवस जातील, वर क्लेम न केल्याबद्दल मिळणारा बोनसही जाईल, त्यापेक्षा रोख द्या. आता कळतं, सर्व्हेयर आला असता तर त्याने काच पाहिली असती. दोन दिवसांनी गाडी मिळाली. जुनी काच मागितली, तर ती फोडूनच काढावी लागते आणि तुकडे भंगारात गेले, असं उत्तर मिळालं. बिल मात्र मी मागून घेतलं. शाळेत पावतीशिवाय एक खडूही घेत नाही, त्या सवयीने. त्यावर 'मागची काच, फिटिंगसह' असं लिहिलंय आणि शिक्का आहे. तो कागद आज माझ्या फाईलमध्ये आहे.

दीड महिना सगळं ठीक चाललं. चतुर्थीच्या आधी सत्तरी तालुक्यातल्या घरी जाताना पुन्हा तसाच पाऊस, पुन्हा तोच वास, तोच कोपरा. या वेळी मी डिचोलीतल्याच एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेले. एका शटरचं दुकान, बाहेर बॅटऱ्या मांडलेल्या. काकांनी आधी फक्त ऐकून घेतलं. मग विचारलं, "बाई, काच मधोमध तापते की कोपऱ्यात?" हा प्रश्न मोठ्या गॅरेजात कुणीच विचारला नव्हता.

मग त्यांनी जे केलं ते मी शेजारी उभी राहून वहीत टिपून घेतलं. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मोजलं, १४.१ व्होल्ट. काचेच्या दोन्ही कडांना जे पट्टे असतात, त्यांच्यामध्ये मोजलं, १०.९. म्हणजे ३.२ व्होल्ट वाटेतच खर्च होत होते. मीटरची एक सुई वायरवर आणि दुसरी काचेवरच्या टर्मिनलवर धरली, तर त्या एका नखाएवढ्या जोडावर २.८ व्होल्ट. चांगल्या जोडावर हा आकडा ०.१-०.२ च्या वर जात नाही. क्लॅम्प मीटरने करंट पाहिला, ११ अँपिअर. काकांनी गुणाकार करून दाखवला. २.८ गुणिले ११, म्हणजे जवळपास ३१ वॅट. त्यांच्या टेबलावरची सोल्डरिंगची इस्त्री, म्हणजे धातू वितळवून वायर जोडायचं तापतं हत्यार, २५ वॅटची होती. "ही इस्त्री तुमच्या काचेच्या कोपऱ्याला रात्रंदिवस टेकवून ठेवली तर काय होईल?" मला आणखी काही समजावून सांगायची गरज उरली नाही.

टोपण काढलं तेव्हा आतली पितळी पट्टी हिरवी पडलेली होती आणि तिच्यावर एका बाजूने पॉलिशपेपर घासल्याचे ताजे ओरखडे होते. भोवती काळी टेप गुंडाळलेली. म्हणजे मोठ्या गॅरेजात एवढंच काम झालं होतं. घासल्यामुळे काही आठवडे जोड बरा चालला, आणि पुन्हा गंजला. पाणी येत होतं डिकीवरच्या ब्रेकलाइटच्या सुकलेल्या रबरातून. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला थेंब थेंब त्या वायरवरून उतरत होता.

फ्यूज का उडाला नाही, हेही मी विचारलं, कारण माझी सगळी भिस्त फ्यूजवर होती. काका म्हणाले, फ्यूज करंट वाढला तर उडतो. खराब जोडामुळे करंट उलट कमी होतो. त्यामुळे फ्यूज शाबूत राहतो आणि जोड जळतो. म्हणूनच काच शॉर्ट झाली असती तर आधी फ्यूज गेला असता. त्या दिवशी ऐकलेल्या सगळ्यात मला हे सर्वांत महत्त्वाचं वाटतं. शिवाय काचेवरच्या रेषा समांतर जोडलेल्या असतात. एखादी तुटली तर तेवढाच पट्टा धुरकट राहतो, बाकीची काच काही पेटत नाही. डिफॉगर सुरू करून कुठला पट्टा साफ होत नाही हे पाहिलं की तुटलेली रेष घरबसल्या सापडते. अख्खी काच खरोखरच जास्त तापत असेल तर रिले, म्हणजे डिफॉगरचा करंट चालू-बंद करणारा स्विच, चिकटला आहे का ते बघायचं. बऱ्याच गाड्यांत डिफॉगर दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप बंद होतो. बटणावरचा दिवा विझूनही काच गरम होतच राहिली तर दोष तिथे. तेही काकांनी घड्याळ लावून तपासलं. आमचा रिले ठीक होता.

काम झालं एका तासात. नवीन टर्मिनल, वीतभर वायर, जपून केलेलं सोल्डर. जास्त वेळ इस्त्री टेकवली तर काचेवरचा चांदीचा पट्टाच उखडतो, म्हणून दोन सेकंदांत हात मागे. वर ब्रेकलाइटचं रबर. एकूण साडेचारशे रुपये. पुन्हा मोजलं तेव्हा काचेवर १३.६ व्होल्ट होते आणि तो कोपरा थंड होता.

खरा धक्का बसला तो पैसे देताना. काकांनी काच फडक्याने पुसली आणि म्हणाले, "ही तर जुनीच काच आहे, बाई." मी वाकून पाहिलं. खालून चौथ्या रेषेवर, डावीकडे, तांदळाच्या दाण्याएवढा चंदेरी डाग. गाडी आम्ही २०१७ साली सेकंडहँड घेतली तेव्हा मागे काळी फिल्म होती. २७ एप्रिल २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ती चालत नव्हती, म्हणून आमच्या ह्यांनी ब्लेडने काढली आणि ब्लेड एका रेषेवरून गेलं. मग त्यांनीच बाजारातून चांदीचा वाहक रंग आणून तो तुटका तुकडा जोडला होता. तो डाग तिथेच होता. काचेच्या खालच्या रबरात गेल्या कित्येक पावसाळ्यांचं शेवाळ जसंच्या तसं, अखंड हिरवी रेघ. काच फोडून काढली असती आणि नवीन काळ्या सीलंटने चिकटवली असती, तर ते शेवाळ राहिलं असतं का?

माझं अंग थरथरत होतं. चौदा हजार पाचशे रुपये घेऊन कुणी काचेला हातसुद्धा लावला नव्हता. आणि मी दीड महिना तोच कुजका जोड घेऊन लेकराला मागे बसवत होते. पैशांपेक्षा याचा राग मला अजून आहे.

मोठ्या गॅरेजच्या मालकाने त्या डागाचा फोटो पाहून आवाज चढवला, काच बदललीच आहे म्हणाला. ती कुठून घेतली त्याचं खरेदीबिल दाखवा म्हटलं, तर उद्या या. तो उद्या तीनदा येऊन गेला. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथून विचारणा गेल्यावर त्याने पाच हजार देऊ केले, मी घेतले नाहीत. ओळखीच्या वकीलबाईंनी सांगितलं की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. बिल न देणं हीसुद्धा त्या कायद्यात अनुचित प्रथा आहे, तेव्हा ते मागायला लाजू नका. काच बदलायला गाडी देत असाल तर आधी काचेच्या कोपऱ्यातली छापील खूण आणि तिच्यावरचे ओरखडे यांचे फोटो काढून घ्या. नवी आली की खूण ताडून बघा. आणि वायरचं काम असेल तर मीटरचा आकडा मागा, तो न दाखवता कुणी काच बदला म्हणाला तर गाडी तिथून काढा.

आयोगातला अर्ज मी मराठीत लिहून काढलाय. बिलाची प्रत, काकांनी लेटरहेडवर लिहून दिलेले आकडे आणि चंदेरी डागाचा फोटो सोबत जोडलाय. गाडी रोज शाळेत येते-जाते. मागची काच धुताना खालच्या रबराला मी हात लावत नाही, शेवाळ तसंच आहे.