चुलीपुढे उभं राहणाऱ्यांसाठी: दाबाचे मोजे, दिवाळी ते चवथ

फोंड्याच्या बाजारात आमचं भाजीपावाचं दुकान आहे. पहाटे पोदेर पाव टाकून जातो तेव्हापासून दुपारी शटर ओढेपर्यंत मी शेगडीपुढे उभी असते. चालणं म्हणजे शेगडी ते काउंटर, चार पावलं. हे आधीच सांगते, कारण हे मोजे कोणाला लागू पडतील ते पायांइतकंच कामावरही अवलंबून असतं, असं माझं मत झालं आहे.

त्रास नेहमीचाच. दुपारनंतर पाय जड व्हायचे, घोट्याचं हाड दिसेनासं व्हायचं. चपलेच्या पट्ट्याचा वळ उठायचा, नडगीवर बोट दाबलं की खळगा राहायचा आणि रात्री पोटरीत गोळे यायचे. डॉक्टरांनी पहिल्यांदा रक्तदाबाची गोळी कोणती घेता ते विचारलं, कारण अम्लोडिपिनने पुष्कळांचे घोटे सुजतात. माझी गोळी वेगळी निघाली. मग लघवी, मूत्रपिंड आणि थायरॉइडच्या तपासण्या झाल्या आणि शेवटी डॉपलर, म्हणजे शिरांतल्या रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी. त्यात दिसलं की दोन्ही पायांतल्या कातडीखालच्या शिरांच्या झडपा गळतात. खोल शिरांत रक्ताची गाठ नव्हती. लेझरने त्या शिरा बंद करण्याचा पर्याय त्यांनी सांगितला, पण आधी मोजे वापरून बघा म्हणाले.

मोजे नेमकं काय करतात ते कळल्यावरच मी ते नेमाने घालू लागले. पायातलं रक्त वर चढतं ते मुख्यतः पोटरीच्या जोरावर. चालताना पोटरीचा स्नायू आवळतो, शिरा दाबल्या जातात, रक्त वर ढकललं जातं आणि झडपा ते खाली येऊ देत नाहीत. माणूस स्तब्ध उभा असला की घोट्यापाशी शिरेतला दाब ऐंशी-नव्वद मिलिमीटर पाऱ्यापर्यंत जातो. झडपा शाबूत असतील तर चालू लागल्यावर तो तिशीच्या खाली येतो. शेगडीपुढे उभं राहणाऱ्या बाईची पोटरी काही करतच नाही. त्यात आच लागून शिरा आणखी फुगतात. मोजा बाहेरून आवळतो, घोट्याला सगळ्यात जास्त आणि वर जाताना कमी कमी. झडपा मात्र त्याने दुरुस्त होत नाहीत. मोजा काढला की त्याचं काम संपलं.

माझे मोजे गुडघ्याखालचे, पुढून बोटं उघडी असलेले, जर्मन मापाच्या दुसऱ्या वर्गातले, म्हणजे घोट्याला २३ ते ३२ मिलिमीटर दाबाचे. पहिला वर्ग १८ ते २१ चा असतो. दुसऱ्या वर्गाचे मोजे स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. ऑनलाइन ‘सगळ्यांना बसेल’ म्हणून जे विकतात ते तर अजिबात घेऊ नका. सगळ्यांचा घोटा एका मापाचा कसा असेल? सकाळी उठल्या उठल्या, सूज नसताना, घोट्याचा सगळ्यात बारीक घेर आणि पोटरीचा सगळ्यात जाड घेर फितीने मोजायचा आणि कंपनीच्या तक्त्यावर बघायचा. हे माप चुकलं तर महागडा मोजाही फुकट जातो. रंगाचं म्हणाल तर ‘त्वचेचा रंग’ म्हणून जो मिळतो तो कोणा गोऱ्या मडमेच्या त्वचेचा. मी काळे घेतले. साडीखाली कोणाला दिसतात?

घालणं ही पहिल्या महिन्यातली खरी परीक्षा. पाय सुजायच्या आत, अंथरुणातून उठल्यावरच घालायचे. मोजा टाचेपर्यंत उलटा करायचा, टाच नीट बसवायची आणि मग तळहाताने थोडा थोडा वर सरकवायचा. भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले तर पकड चांगली येते, नखंही लागत नाहीत. वर उरलेला भाग दुमडायचा नाही, तिथे दुप्पट दाब पडून करकोचा बसतो. खोबरेल लावायचं तर रात्री, सकाळी नको. तेलाने लवचीकपणा लवकर जातो.

आता गोव्याचं हवामान. थंडीत सगळं सुरळीत होतं. एप्रिल-मे मध्ये, घाम आणि शेगडी दोन्ही मिळून, दुपारी बाराला मोजे फाडून फेकावेसे वाटायचे. पण नेमके त्याच दिवसांत न घालता उभी राहिले की संध्याकाळी पाय खांब व्हायचे. म्हणून घालत राहिले. बोटं उघडी असल्यामुळे बेचक्यांत चिखल्या झाल्या नाहीत, बंद मोज्यांत नक्की झाल्या असत्या. पावसाळ्यात अडचण वाळवण्याची. मोजे रोज कोमट पाण्यात, साध्या साबणाने धुवायचे. पिळायचे नाहीत, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचे आणि सावलीत वाळवायचे. जुलैत ते पंख्याखालीही रात्रीतून वाळत नाहीत. शेगडीजवळ टांगायचा मोह होतो, पण उष्णतेने धागा मरतो. म्हणून पहिल्या दिवसापासून दोन जोड हवेतच, आणि खर्चाचा हिशोबही दोन जोडांचाच करावा.

फरक पडला का? सूज बरीच कमी झाली. संध्याकाळी घोट्याचं हाड दिसतं. जडपणा गेला म्हणण्याइतका कमी झाला. नडगीची खाजही कमी आहे. निळ्या गाठाळ शिरा मात्र होत्या तशाच आहेत आणि गोळे अधूनमधून येतातच. सुरुवातीला शिरांच्या त्रासावरच्या डायोस्मिनच्या गोळ्याही होत्या. त्या बंद केल्यावर फारसं बिघडलं नाही, तरी सगळं श्रेय मोज्यांनाही देता येत नाही. सोबत इतर गोष्टीही चालू होत्या. भाजीला कढ येईपर्यंत मी टाचा वर-खाली करते (गिऱ्हाइकांना वाटतं बाई नाचते). पलंगाच्या पायथ्याखाली चिऱ्याचे तुकडे सरकवले आहेत. आणि पेजेबरोबरचा खारा बांगडा रोजचा होता तो रविवारपुरता ठेवला. हे शेवटचं सगळ्यात अवघड गेलं.

पाय थरथरवणारं विजेचं यंत्र जावेकडे आहे. बसून बरं वाटतं, उभं राहिलं की पुन्हा तेच. पैसे मोज्यांवर घालावेत.

माझा फरक बघून सासूबाई म्हणाल्या, “म्हाकाय हाड गो एक जोडी.” (मलाही आण गं एक जोडी.) त्यांना जुना मधुमेह, तळपाय बधिर. मी सरळ नाही म्हटलं. पायाला रक्त नेणाऱ्या धमन्याच अरुंद असतील तर असा मोजा आहे ते रक्तही अडवतो, आणि बधिर पायाला जखम झालेली कळत नाही. आधी घोट्यावरचा आणि हातावरचा रक्तदाब मोजून तुलना करतात, मगच ठरतं. हृदय कमजोर असलेल्यांनीही विचारल्याशिवाय घालू नयेत. आणि एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला, गरम लागला तर मोजे शोधत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. तो शिरेतल्या रक्ताच्या गाठीचा इशारा असू शकतो. सोबत धाप लागली तर थेट तातडीच्या विभागात.

रोज वापरला तर एक जोड साधारण सहा महिने दाब धरतो. माझे दोन आलटून-पालटून वापरात असल्याने जास्त टिकले, पण आता जुना जोड फारच सहज चढतो, म्हणजे सैल पडला. चवथीच्या, म्हणजे गणपतीतल्या नेवऱ्या (करंज्या) बसून तळता येत नाहीत, उभ्यानेच उरकाव्या लागतात, तेव्हा त्याआधी नवा घेणार. घोट्याचं माप मात्र पुन्हा काढून, कारण आता एक माप लहान लागेल असं दिसतंय.