पियानोवाला बँड ऐकायचाय, मग सुरुवात कीनपासून की बेन फोल्ड्स फाइव्हपासून?

गिटारशिवाय, निव्वळ पियानोच्या जोरावर चालणारा पॉप बँड ऐकायचाय आणि सुरुवातीला एकच पहिलावहिला अल्बम निवडायचाय, तर माझ्या मते खरी लढत दोघांतच आहे. एक, इंग्लंडच्या कीनचा 2004 सालचा 'होप्स अँड फिअर्स'. दुसरा, अमेरिकेतल्या बेन फोल्ड्स फाइव्हचा 1995 चा, ज्याला बँडचंच नाव दिलंय. द फ्रेचा 2005 चा 'हाऊ टू सेव्ह अ लाइफ' पण लोक यात धरतात, चांगला आहे, पण त्यात गिटार भरपूर आहे, त्यामुळे तो बाजूलाच ठेवू.

या अल्बमांच्या वेळी दोन्हीकडे माणसं तीनच. हो, 'फाइव्ह'मध्ये पण तीनच, उगाच हिशोब जुळवत बसू नका. पण गिटार नाही म्हटल्यावर जी जागा रिकामी राहते ती कशी भरायची, याचं दोघांचं उत्तर एकदम उलटं आहे, आणि तुम्हाला कुठला अल्बम आवडेल ते बरंचसं तिथेच ठरतं.

कीनचं बघा. ईस्ट ससेक्समधल्या बॅटल नावाच्या छोट्या गावातली पोरं, आधी त्यांच्यात गिटारिस्ट होता, डॉमिनिक स्कॉट, तो 2001 मध्ये सोडून गेला आणि यांनी दुसरा शोधलाच नाही. मग टिम राइस-ऑक्सलीने यामाहाचा सीपी-70 घेतला, म्हणजे खऱ्या तारा असलेला पण इलेक्ट्रिक पिकअप (तारांची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारं यंत्र) लावलेला ग्रँड पियानो, आणि त्याचा आवाज इफेक्ट्समधून काढून एवढा पसरवला की गिटार नाहीये हे पहिल्यांदा ऐकताना बऱ्याच जणांच्या लक्षातसुद्धा येत नाही. 'समव्हेअर ओन्ली वी नो' लावा, पहिल्या सेकंदापासून तेच तेच कॉर्ड्स ठोकत राहतो, बोटांची काही करामत नाही, सगळं वजन ठोक्यात आणि वर टॉम चॅप्लिनचा आवाज. आणि खरं सांगायचं तर अल्बम विकला गेला तो या आवाजावर. वरच्या पट्टीत जाताना कुठेही ओढाताण नाही, एकदम स्वच्छ. गाणी लिहिणारा टिम, गाणारा टॉम, पण ऐकताना असं वाटतं की सगळं टॉमच्याच मनातलं चाललंय.

दुसऱ्या बँडचा गायक आणि पियानोवाला बेन फोल्ड्स, त्याच्याकडे मात्र पियानो पियानोच राहतो, लाकडाचा, तारांचा, दणदणीत, आणि गिटारचं काम अंगावर घेतो बास वाजवणारा रॉबर्ट स्लेज, त्याने बासला फझ, म्हणजे आवाज खरखरीत करणारा इफेक्ट, लावून असा काही फाडलाय की आधी गिटारच वाटते. डॅरेन जेसीचे ड्रम्स पण मागे गप्प बसलेले नाहीत. 'फिलॉसॉफी' किंवा 'जॅक्सन कॅनरी' ऐका, उजवा हात कुठे पळतोय, डावा काय आपटतोय ते वेगळं ऐकू येतं, तिघं एका खोलीत घाम गाळत वाजवताहेत असं वाटतं. फोल्ड्स स्वतः गमतीने याला नाजूक पोरांचा पंक रॉक म्हणायचा आणि खरंच यापेक्षा नेमकं वर्णन नाही. दौऱ्यावर ही मंडळी खराखुरा बेबी ग्रँड पियानो गाडीत घालून फिरायची, तर कीन बासच्या ओळी लॅपटॉपवरून वाजवायचे. यात कमीपणा काही नाही, पण फरक कळला ना?

शब्दांच्या बाबतीत तर दोघं दोन टोकांना. कीनची गाणी म्हणजे जुनी मैत्री, दूर गेलेली माणसं, मागे राहिल्याची भावना, सगळं मोघम, नावं नाहीत, त्यामुळे कोणीही आपलं दुःख त्यात घालून घेतं. 'एव्हरीबडीज चेंजिंग' एवढं चाललं ते त्यामुळेच. फोल्ड्सकडे माणसं आहेत, नावानिशी. 'अंकल वॉल्टर'मध्ये बडबड करून जीव खाणारे काका आहेत, 'अंडरग्राउंड'मध्ये आपण किती वेगळे म्हणून मिरवणाऱ्या मंडळींची मजेत उडवलेली टर आहे, आणि शेवटच्या 'बॉक्सिंग'मध्ये चक्क मुहम्मद अली समालोचक हॉवर्ड कोसेलशी बोलतोय, थकलेला, बॉक्सिंगने तुझं भलं केलं का असं विचारणारा. विनोदी अल्बम ऐकतोय असं वाटता वाटता हे गाणं येतं आणि सगळा नूरच बदलतो. मला विचाराल तर दोन्ही अल्बममधलं सगळ्यात मोठं गाणं हेच.

आता खटकणाऱ्या गोष्टी. कीनचा अल्बम मधल्या भागात एकाच वेगात चालतो, 'शी हॅज नो टाइम', 'सनशाइन' वगैरे एकामागोमाग लावलं की कुठलं कुठे संपलं कळत नाही, मग शेवटी 'बेडशेप्ड' येऊन सावरतं. बेन फोल्ड्सचा त्रास वेगळा, त्याचा खवचटपणा कधीकधी जास्त होतो, हुशारी दाखवायचा मोह सुटत नाही, आणि त्याचा गळा साधा आहे, टॉमच्या नंतर लगेच ऐकलात तर पातळच वाटेल.

लोकप्रियता हा निकष असेल तर प्रश्नच नाही, कीनला 2005 मध्ये सर्वोत्तम ब्रिटिश अल्बमचा ब्रिट पुरस्कार मिळाला, आणि फोल्ड्सचा हा अल्बम एका छोट्या लेबलवर, म्हणजे रेकॉर्ड कंपनीकडून, आला होता, ब्रिटनमध्ये 'अंडरग्राउंड' कसंबसं पहिल्या चाळिसात पोचलं.

तर, रात्री हेडफोन लावून सूर आणि आवाज हवा असेल, इंग्रजी शब्दांकडे फार लक्ष द्यायचं नसेल, तर कीन घ्या, डोळे झाकून. स्वतः पियानो किंवा कीबोर्ड वाजवत असाल, किंवा गाण्यात गोष्ट लागत असेल, तर बेन फोल्ड्स फाइव्ह, पण पहिल्या फेरीत मत बनवू नका, तिसऱ्या-चौथ्या फेरीत तो खुलतो. मी स्वतः कीन आधी ऐकला पण परत परत लावतो तो फोल्ड्सच. आणि फोल्ड्सचं 'ब्रिक' हे गाणं ऐकून त्याच्याकडे वळला असाल तर जरा थांबा, ते या अल्बमवर नाहीये, ते 1997 च्या दुसऱ्या अल्बमवर आहे, 'व्हॉटेव्हर अँड एव्हर आमेन'वर.