132 ग्रॅमची थाप

20,000 एमएएच (बॅटरीत किती साठतं त्याचं माप), वजन 132 ग्रॅम. पॉवर बँकेच्या जाहिरातीत हे दोन आकडे शेजारीशेजारी छापलेले होते, आणि ते वाचून मी खूश झाले होते. आता लिहितानाही कान गरम होतात.

खोटे रिव्ह्यू, फुगवलेले आकडे, 'ऑफर फक्त आज रात्रीपर्यंत', हे सगळं मला माहीत नव्हतं असं नाही. दुसऱ्यांना मीच सांगत फिरते. पण सहा दिवसांची सॅक भरताना माणूस टूथब्रशची दांडीसुद्धा कापतो. तिथे पॉवर बँकेत दोनशे ग्रॅम वाचताहेत म्हटल्यावर डोकं गहाण पडतं. ज्यांनी पाठीवर ओझं घेऊन दिवसभर चढ चढलाय त्यांना कळेल. बाकीच्यांनी हसून घ्या.

निघायच्या आदल्या रात्री मी ती चार्जिंगला लावली. साधा 10 वॉटचा चार्जर. नऊला लावली आणि अकराला दहा कमी असताना चारही दिवे लागलेले! मी काय म्हणाले असेन? 'वा, काय पटकन झाली!' इथेच, या एका क्षणी मला समजायला हवं होतं. सेलचा व्होल्टेज 3.7, म्हणजे 20,000 एमएएचचे झाले 74 वॉट-अवर, ही तिच्यात मावणारी एकूण ऊर्जा. 10 वॉटच्या चार्जरला त्यासाठी साडेसात तास तरी हवेत, वाया जाणारं धरलं तर आणखी. माझी झाली एक तास पन्नास मिनिटांत. टाकी दोन बादल्यांत भरली तर टाकीच लहान आहे, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मला नाही कळलं. मी ती कौतुकाने सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवली.

पहिल्या रात्री फोन 14 टक्क्यांवरून 69 वर गेला आणि बँक गपगार. मी दोष थंडीला दिला. थंडीत बॅटरी मंदावते हे खरंच आहे, म्हणून दुसऱ्या रात्री ती स्लीपिंग बॅगमध्ये कुशीत घेऊन झोपले. सकाळी तिने दोन टक्के दिले. पुढचे चार दिवस फोन फ्लाइट मोडवर, नकाशा दिवसातून दोनदाच उघडायचा, फोटो बंद. काही झालं नाही ते नशीब. पाय मुरगळला असता तर फोन कशावर लावणार होते?

परत आल्यावर हिशेब मांडला. अशा बँकांत हमखास दिसणारा '18650' नावाचा सेल 18 मिलिमीटर जाड, 65 लांब, वजन 45 ते 48 ग्रॅम, आणि चांगल्यात चांगला असला तरी साधारण 3,500 एमएएच. 20,000 साठी असे सहा हवेत. नुसते सेलच 270 ग्रॅमच्या पुढे! वजन आणि आकडा जुळत नसेल तर पुढचं काही वाचूच नका.

मग रागाच्या भरात ती उघडली. (तुम्ही उघडू नका, लिथियमचा सेल टोचला गेला तर पेट घेतो.) आत एक सेल. एकच. आणि शेजारी चिकटवलेली लोखंडाची पट्टी. हलकी म्हणून घेतलेल्या वस्तूत वजनासाठी लोखंड!

विक्रेत्याचं पहिलं उत्तर: केबल बदलून पाहा. दुसरं: क्षमतेत नैसर्गिक घट होते. होते ना! सेलचे 3.7 व्होल्ट फोनसाठी 5 व्होल्टला चढवताना 10,000 चे सहा-साडेसहा हजार उरतात, आणि प्रामाणिक कंपनी तो 'रेटेड' आकडा बारीक अक्षरात का होईना, छापते. माझ्या खोक्यावर तो नव्हता. पण फोनला मिळाले जेमतेम 11 वॉट-अवर, 74 पैकी. ही घट नाही, हा दरोडा आहे. तिसरं उत्तर: तुम्ही उघडल्यामुळे वॉरंटी संपली. आणि परत करायची मुदत 7 दिवसांची, त्यातले 6 मी डोंगरात.

विक्री करणाऱ्या साइटने खोकं उघडतानाचा व्हिडिओ मागितला. कोण काढतं? मग ग्राहक तक्रारींच्या कार्यालयात गेले. तिथल्या गृहस्थांनी विचारलं, 'उत्पादकाचा पत्ता?' खोक्यावर पत्ता नाही, हीच तर तक्रार आहे, म्हटलं. 'पत्त्याशिवाय तक्रार घेता येत नाही.' म्हणजे चोराने व्हिजिटिंग कार्ड ठेवलं तरच चोरी. पोलिसांनी रक्कम विचारली आणि पेन खाली ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला घरीही ऐकावं लागलं होतं: एवढं शिकलेली, आणि फसलीस कशी?

आता माझ्याकडे 10,000 ची आहे, 190 ग्रॅम. घरीच फोन 10 टक्क्यांवर आणून तपासली, यूएसबी मीटर (केबलमधून किती वीज गेली ते मोजणारा) लावून, मुदत संपायच्या आत. मागे तळहाताएवढं सोलर पॅनल असलेली दिसली तर पुढे चला. ते कडक उन्हात एक-दीड वॉट देतं, बँक भरेपर्यंत ट्रेक संपेल.

काल ती जाहिरात पुन्हा पाहिली. तेच फोटो, तेच 132 ग्रॅम, फक्त आकडा आता 30,000 झालाय. म्हणजे 111 वॉट-अवर. 100 च्या वर विमानात न्यायला विमान कंपनीची परवानगी लागते, एवढंही त्या चोराला माहीत नाही. खाली नवे पाच तारे: 'ट्रेकसाठी उत्तम, अजिबात जड नाही.'