आठ इंची डॉब्सोनियन : दोन वर्षे दीर्घिका आणि तेजोमेघ पाहिल्यानंतर

आठ इंची, म्हणजे २०० मिलिमीटर व्यासाच्या आरशाची डॉब्सोनियन दुर्बीण मी गेली दोन वर्षे वापरतो आहे आणि या काळात तिच्यातून चंद्र आणि ग्रह मोजक्या वेळाच पाहिले आहेत. ती घेतली दीर्घिका, तेजोमेघ आणि तारकागुच्छ पाहण्यासाठी, त्यामुळे तिचे मोलही मी त्याच कसोटीवर ठरवणार आहे. अनेक कंपन्या ही दुर्बीण जवळजवळ एकाच घडणीत विकतात : नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमा तयार होते तिथपर्यंतचे अंतर) १२०० मिमी, सोबत २५ आणि १० मिमीचे दोन आयपीस, म्हणजे डोळा लावायची भिंगे, आणि वस्तू शोधण्यासाठी नळीवर बसवायचा एक छोटा फाइंडर. म्हणून पुढचे म्हणणे एखाद्या कंपनीपेक्षा या प्रकाराला लागू आहे.

या प्रकाराचे श्रेय जॉन डॉब्सन (१९१५–२०१४) यांचे. वेदान्त मठात संन्यासी असताना त्यांनी जहाजाच्या खिडक्यांच्या जाड काचा घासून आरसे केले आणि महागड्या स्टँडऐवजी नळी एका साध्या लाकडी पेटीत बसवली. पेटी गोल फिरते, नळी वर-खाली होते, बाकी काही नाही. अंधुक वस्तू पाहणाऱ्याच्या दृष्टीने हा हिशोब अगदी योग्य आहे, कारण सगळा पैसा आरशात जातो. अंधाराला सरावलेल्या डोळ्याची बाहुली फार तर ७ मिमी उघडते. तिच्या मानाने २०० मिमीचा आरसा सुमारे ८०० पट प्रकाश गोळा करतो. फ्रेंच खगोलनिरीक्षक मेसिए यांच्या यादीतील ११० वस्तूंपैकी (त्यांचे क्रमांक ‘एम’ने सुरू होतात) एकही अशी नाही, जी काळोख्या आकाशातून या आरशात दिसू शकत नाही.

आता तक्रारी. माझी दुर्बीण घरी आली तेव्हा मुख्य आरशामागचे स्क्रू वाहतुकीत सैल झाले होते आणि तारा ठिपक्यासारखा न दिसता एका बाजूला पिसारा फुटल्यासारखा दिसत होता. विक्रेत्याला विचारले, तर वापरता वापरता ते आपोआप ठीक होईल असे त्याने सांगितले. ते आपोआप ठीक होत नाही. दोन्ही आरसे एका अक्षावर आणण्याचे काम, म्हणजे कोलिमेशन, स्वतःलाच शिकावे लागते, आणि दुर्बीण गाडीतून नेली असेल तर प्रत्येक वेळी तपासावे लागते. पहिल्या आठवड्यात मला त्याला तासभर लागत असे, आता पाच मिनिटे पुरतात. पण खोक्यासोबत आलेल्या पुस्तिकेत त्याला जेमतेम अर्धे पान दिलेले होते, ही मोठी उणीव आहे. शिवाय नळी घरातून बाहेर काढल्यावर आरसा हवेच्या तापमानाला येईपर्यंत पाऊण तास थांबावे लागते, आणि पेटीसकट सगळे वजन २० किलोच्या आसपास जाते. ज्यांना जिने उतरून मैदानावर जावे लागते, त्यांनी हे आधी उचलून पाहावे.

या सगळ्याची भरपाई कशी होते, ते शौरी तारकासमूहातल्या एम १३ या गोलाकार तारकागुच्छावरून सांगतो. २५ मिमी आयपीसमधून, म्हणजे ४८ पट वर्धनाला, तो मध्यभागी उजळ होत गेलेल्या कापसाच्या बोळ्यासारखा दिसतो. १० मिमीचा आयपीस लावून वर्धन १२० पट केले, की पहिल्या मिनिटात फारसे काही बदलत नाही. मग कडेला एक तारा टिपूर दिसतो, त्याच्या शेजारी दुसरा, आणि नजर किंचित बाजूला वळवली की सगळी कड एकदम रवाळ होते. सुमारे २२ हजार प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्यांचे हे सुटे सुटे कण आहेत हे लक्षात आल्यावर मी पहिल्या रात्री तासभर दुसरीकडे वळलोच नाही. एडमंड हॅली यांनी १७१४ मध्ये हा गुच्छ नोंदवला, तेव्हा त्यांना तो धूसर डागच दिसला होता.

नजर बाजूला वळवण्याची ही युक्ती या दुर्बिणीचा अर्धा उपयोग आहे असे मी मानतो. डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी रंग ओळखणाऱ्या पेशी असतात. मंद प्रकाशाला संवेदनशील असलेल्या पेशी त्याच्या भोवती असतात. अंधाराला पूर्ण सरावायला त्यांना अर्धा तास तरी लागतो आणि मोबाइलचा पडदा एकदा पाहिला की ती सगळी कमाई वाया जाते. दुसरी युक्ती म्हणजे नळीला बोटाने हलकेच टिचकी मारणे : स्थिर असताना न जाणवणारा डाग हलला की जाणवतो. सप्तर्षींच्या शेपटीतल्या मरीची ताऱ्याजवळची एम ५१ ही दीर्घिका मला आधी दोन फिकट ठिपक्यांसारखीच दिसली होती. चौथ्या रात्री, दहा-बारा मिनिटे डोळा आयपीसवरून न हलवता, मोठ्या ठिपक्याभोवती एका बाजूला वळलेली प्रकाशाची कमान जाणवली. आयरिश खगोलनिरीक्षक लॉर्ड रॉस यांनी १८४५ मध्ये याच दीर्घिकेत सर्पिल रचना प्रथम पाहिली; त्यांचा आरसा ७२ इंचांचा होता. आठ इंचांत दिसते ती चाहूल असते, छायाचित्रात असतात तशा भुजा नव्हेत, आणि रंग तर मुळीच नसतात. मृगातल्या तेजोमेघात हिरवट झाक येते, तेवढीच.

देवयानीतली एम ३१ ही दीर्घिका मात्र या दुर्बिणीत निराश करते. ती आकाशात सुमारे ३ अंश लांब आहे आणि ४८ पट वर्धनाला क्षेत्र, म्हणजे एका वेळी दिसणारा आकाशाचा तुकडा, जेमतेम १ अंश मिळते, त्यामुळे गाभा आणि दोन सोबती दीर्घिका दिसतात, विस्तार दिसत नाही. त्यासाठी १० × ५० ची (१० पट वर्धन, ५० मिमी भिंगे) द्विनेत्री चांगली. ययातीतला जोडगुच्छ, एनजीसी या दुसऱ्या यादीतले ८६९ आणि ८८४ क्रमांकाचे तारकागुच्छ, मात्र याच आयपीसमध्ये पूर्ण मावतो, आणि दुर्बिणीला प्रथमच डोळा लावणाऱ्या पाहुण्याला मी नेहमी तोच दाखवतो.

ट्रॅकिंग, म्हणजे सरकत्या ताऱ्यामागे दुर्बीण आपोआप फिरवणारी मोटर, नसल्याचा त्रास अपेक्षेपेक्षा कमी झाला. १२० पट वर्धनाला खगोलीय विषुववृत्ताजवळचा (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर येणाऱ्या आकाशातल्या वर्तुळाजवळचा) तारा पावणेदोन मिनिटांत क्षेत्राबाहेर जातो आणि नळी हलके ढकलत राहावी लागते. आठवड्याभरात हाताला ते वळण लागते. डोक्याच्या अगदी वर असलेल्या वस्तू मात्र त्रास देतात, कारण तिथे पेटी गोल फिरवूनही नळी फारशी सरकत नाही. अशा वस्तू तासभर आधी किंवा नंतर पाहाव्यात. लांब एक्स्पोजरची छायाचित्रे काढायची असतील, तर हे यंत्र घेऊच नये.

आकाशाबाबत भ्रम नको. दिव्यांनी उजळलेल्या शहरातून तारकागुच्छ समाधानकारक दिसतात, पण त्रिकोण तारकासमूहातली एम ३३ ही दीर्घिका मला तिथून दोन वर्षांत एकदाही दिसलेली नाही. शहरापासून दूर, काळोखात, तीच मी लहानशा द्विनेत्रीने सहज पाहिली. उजळलेल्या पार्श्वभूमीवर दीर्घिकेचा फिकट प्रकाश बुडून जातो आणि मोठा आरसा दोन्ही सारखेच वाढवतो.

तेजोमेघांसाठी ओ-तीन फिल्टरचा खर्च मात्र डोळे झाकून करावा. दुहेरी आयनीभूत (दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या) ऑक्सिजनच्या ५०० नॅनोमीटरच्या आसपासच्या दोन रेषा तो येऊ देतो आणि बाकीचा बहुतेक प्रकाश अडवतो. हंस तारकासमूहातल्या ५२ सिग्नी या ताऱ्यावर दुर्बीण रोखून मी कितीदा तरी पाहिले होते. तिथे फक्त तारा असे. फिल्टर बसवल्यावर त्या ताऱ्याच्या दोन्ही बाजूंना उदबत्तीच्या धुरासारखी एक लांब बारीक रेघ उभी राहिली. तो वेल नेब्युला या, स्फोट झालेल्या ताऱ्याच्या अवशेष तेजोमेघाचा पश्चिमेकडचा भाग होता. दीर्घिकांवर हा फिल्टर काही कामाचा नाही, कारण त्यांचा प्रकाश ताऱ्यांचा, म्हणजे सर्व तरंगलांबींत पसरलेला असतो.

नव्याने घेणाऱ्याने खरेदीचा क्रम असा ठेवावा : आधी कोलिमेशनचे साधन, मग दोन इंची नळीचा ३० मिमीच्या आसपासचा रुंद क्षेत्राचा आयपीस, आणि त्यानंतर फिल्टर. सोबत मिळणारा १० मिमीचा आयपीस लवकरच बदलावासा वाटेल. त्यात डोळा काचेला जवळजवळ टेकवावा लागतो आणि चष्मा लावणाऱ्यांना तर पूर्ण क्षेत्र दिसतच नाही.