फ्रिज मनासारखा मिळाला, पण वाढीव वॉरंटीची गळ सुटेना

गुढीपाडव्याच्या आदल्या शनिवारी आईला बरोबर घेऊन नाशिकमधील घरगुती उपकरणांच्या एका मोठ्या दालनात फ्रिज घ्यायला गेले होते. दालनाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण वाढीव वॉरंटीसाठी ग्राहकाला भरीस पाडण्याचा जो प्रकार तेथे पाहिला, तो थोड्याफार फरकाने इतर दुकानांतही अनुभवला आहे. मालाबद्दल आणि घरपोच सेवेबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

फ्रिज दाखवणारा कंपनीचा माणूस जाणकार होता. वीजवापराचे तारे, इन्व्हर्टर कॉम्प्रेसर, भाजीच्या कप्प्याची खोली हे सर्व त्याने आईला समजेल अशा भाषेत सांगितले. संपूर्ण फ्रिजवर एक वर्षाची आणि कॉम्प्रेसरवर दहा वर्षांची वॉरंटी कंपनीच देते, हेही त्याने स्वतःहून सांगितले. जुना फ्रिज देऊन किंमत ३१,५०० रुपये ठरली. तोपर्यंत जेमतेम अर्धा तास गेला होता. पुढचा एक तास वॉरंटीच्या वादात गेला.

कंपनीचा माणूस बाजूला होताच दालनाचा विक्रेता पुढे आला आणि दोन वर्षांची जादा वॉरंटी ३,८९० रुपयांना घ्यावी, असा आग्रह त्याने धरला. फ्रिजच्या किमतीच्या हे सुमारे १२ टक्के होतात. मी नको म्हटल्यावर तो आईकडे वळला. “काकू, व्होल्टेज वरखाली झालं आणि बोर्ड उडाला, तर आठ-दहा हजार कुठे गेले नाहीत. मग मला म्हणू नका.” जो फ्रिज दहा मिनिटांपूर्वी वर्षानुवर्षे टिकणारा होता, तोच आता दुसऱ्या वर्षी बिघडणार होता. आई घाबरली आणि “घेऊन टाक ना, कटकट नको,” असे मला म्हणू लागली. घरातील वडीलधाऱ्या माणसाला भीती घालून विक्री साधण्याची ही रीत मला सर्वांत अधिक खटकली.

मी अटींचा कागद मागितला. अटी बिल झाल्यावर ईमेलने येतात, असे उत्तर मिळाले. म्हणजे पैसे आधी भरायचे आणि काय विकत घेतले ते नंतर वाचायचे. मी हटून बसल्यावर किंमत आधी २,६०० आणि बिलाच्या काउंटरवर पोहोचेपर्यंत १,९९९ रुपयांवर आली. संरक्षण तेच असताना पाऊण तासात किंमत जवळजवळ निम्मी होते, तेव्हा त्यात विक्रेत्याचा वाटा किती असेल, हा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही.

काउंटरवर आणखी एक प्रकार घडला. बारा बिनव्याजी हप्त्यांचा हिशेब करणाऱ्या मुलीने हप्ता २,९४९ रुपये सांगितला. ३१,५०० रुपयांचे बारा हप्ते २,६२५ रुपयांचे होतात. विचारल्यावर कळले की मूळ दराने वॉरंटी धरून रक्कम ३५,३९० करण्यात आली होती. “महिन्याला फक्त सव्वातीनशेचा फरक आहे, मॅडम,” असे ती म्हणाली. हप्त्यात विभागली की रक्कम डोळ्यांत भरत नाही, म्हणून हप्त्यावर खरेदी करणाऱ्याने आधी एकूण रक्कम विचारून घ्यावी. पुढे तर वॉरंटीशिवाय या योजनेत बिलच निघत नाही, असेही सांगण्यात आले. एक वस्तू विकताना दुसरी वस्तू किंवा सेवा घेण्याची सक्ती करणे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याला मान्य नाही, आणि तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे, एवढेच मी शांतपणे म्हटले. व्यवस्थापक आले, पाच मिनिटांत वॉरंटीविना बिल निघाले आणि अटींचे छापील पत्रकही सापडले.

ते पत्रक मी तेथेच बसून वाचले. ही वॉरंटी फ्रिज बनवणाऱ्या कंपनीची नव्हती, वेगळ्याच एका संस्थेची होती. दरवाज्याचे रबर, काचेचे व प्लास्टिकचे भाग, दिवा आणि उंदरांनी कुरतडलेल्या वायरी यांना संरक्षण नव्हते. त्याच यादीत विजेच्या दाबातील चढउतारामुळे होणारे नुकसानही होते. ज्या बिघाडाची भीती आईला घातली गेली, तोच बिघाड या वॉरंटीत बसत नव्हता. शिवाय दुरुस्तीची कमाल रक्कम फ्रिजच्या दरवर्षी घटणाऱ्या किमतीवरून ठरणार होती.

जादा वॉरंटी मुळातच निरुपयोगी असते, असे मी म्हणणार नाही. कॉम्प्रेसरवरची वॉरंटी बहुधा त्या भागापुरतीच असते, त्यामुळे गॅस भरणे व मजुरी यांचा खर्च आपल्यावर येऊ शकतो, आणि पंखा, सेन्सर किंवा बोर्ड आपोआप बिघडला तर जादा वॉरंटीचा उपयोग होतो. मात्र अनेक उत्पादक कंपन्या पहिले वर्ष संपण्यापूर्वी आपली स्वतःची जादा वॉरंटी थेट विकतात. त्यामुळे दुकानात उभ्या उभ्या, तासाभरात निर्णय घेण्याची गरज नसते.

शेजारच्या काउंटरवरील एका वृद्ध गृहस्थांनी मात्र धुलाई यंत्रावर तीन वर्षांची वॉरंटी घेतली. विक्रेत्याने त्यांना खुर्ची दिली होती, पाणी आणून दिले होते, आणि आता नाही म्हणायची त्यांना भीड पडली. निघताना आमचा विक्रेता हळू आवाजात म्हणाला, “मॅडम, महिन्याचं टार्गेट असतं.” त्या मुलावर माझा राग नाही, असे टार्गेट लावणाऱ्या व्यवस्थापनावर आहे.

फ्रिज सोमवारी ठरल्या वेळी आला, बसवणाऱ्याने अनुक्रमांक नोंदवून कंपनीची वॉरंटी सुरू करून दिली, आणि तो उत्तम चालतो आहे. दालनातून वॉरंटीसाठी त्यानंतर दोनदा फोन आला. दोन्ही वेळा मी अटी लेखी पाठवायला सांगितल्या. त्या अजून आलेल्या नाहीत.