फुताबाचं अणुदुर्घटना संग्रहालय : अख्खा दिवस काढून जा

गेल्या महिन्यात आम्ही दोघं तोक्योहून जपानच्या फुकुशिमा प्रांतातल्या फुताबाला जाऊन आलो. २०११ मध्ये भूकंप आणि त्सुनामीनंतर इथल्या फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्रात जी दुर्घटना झाली, तिचं हे संग्रहालय. उएनोहून हिताची एक्स्प्रेस थेट फुताबाला नेते, पुढे बस आहे. संग्रहालयाचं तिकीट ६०० येन. दोन तास धरले होते, चार लागले.

मी बोईसरला, तारापूर अणुवीज केंद्राच्या (टॅप्स) कॉलनीत वाढले. बाबा त्याच केंद्रात नोकरीला. म्हणून असेल, एका फलकापुढून पाय निघेना. ‘अणुऊर्जा : उज्ज्वल भविष्याची ऊर्जा’. फुताबातल्या सहावीच्या एका मुलाचं हे घोषवाक्य वर्षानुवर्षं भर रस्त्यावर कमानीसारखं झळकत होतं. दुर्घटनेनंतर फलक उतरवायचं ठरलं, तेव्हा तो जपून ठेवा म्हणून झगडला तोच मुलगा, मोठा झालेला. शाळेत मीही असेच निबंध लिहून बक्षिसं घेतली आहेत.

अनुभवकथनाला आवर्जून बसा. आम्हाला एक आजी भेटल्या. दोन-तीन दिवसांत परतू म्हणून फक्त पर्स घेऊन निघालेल्या. पुढे साइतामा प्रांतातल्या काझो इथल्या बंद पडलेल्या शाळेत गावातल्या शेकडो माणसांबरोबर राहिल्या. वर्गातच अंथरुणं, दोन कुटुंबांच्या मध्ये पुठ्ठे. फुताबात राहायची परवानगी मिळाली ती २०२२ मध्ये, तीही काही भागातच. तोवर त्यांचे यजमान गेले होते. विस्थापनाच्या हालांमुळे फुकुशिमा प्रांतात २,३०० हून जास्त मृत्यूंची नोंद आहे.

रात्री बाबांना फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न, “डिझेल जनरेटर कुठे होते?” म्हटलं, बहुतेक तळघरात. भूकंपाने बाहेरची वीज गेली आणि तासाभरात त्सुनामीच्या लाटेने जनरेटर बुडवले. अणुभट्ट्या गार ठेवायला वीजच उरली नाही, तीन वितळल्या.

“एवढ्या लाटेचा अंदाज नव्हता?”

होता. २००८ मध्ये केंद्र चालवणाऱ्या टेप्को कंपनीच्याच हिशेबात लाटेच्या उंचीचा १५.७ मीटर हा आकडा निघाला होता. बाबा बराच वेळ गप्प होते. संसदेच्या चौकशी आयोगाने २०१२ मध्ये या दुर्घटनेला मानवनिर्मित म्हटलं, ते उगाच नाही.

संग्रहालय मंगळवारी बंद असतं. जवळच नामिएमधली उकेदो शाळाही बघा. शिक्षकांनी मुलांना वेळेत टेकडीकडे पळवलं, सगळी वाचली. गाव मात्र वाहून गेलं, आणि दुसऱ्याच दिवशी किरणोत्सर्गामुळे परिसर रिकामा करायचा हुकूम आला. शोधपथकांना माघारी फिरावं लागलं. शोध पुन्हा सुरू झाला तो महिन्याभराने.