काझवीनींची ‘तलखीस’: प्रत कुठली घ्यावी, वाचावी कशी

जलालुद्दीन काझवीनी (1268–1338) शाफिई पंथाचे फकीह (इस्लामी कायद्याचे जाणकार). दमास्कसच्या उमय्यद मशिदीचे खतीब (शुक्रवारचं प्रवचन देणारे), पुढे तिथले आणि मग कैरोचे मुख्य काझी. आधीचे पंडित सक्काकी यांच्या ‘मिफ्ताहुल उलूम’मधला बलागतीचा (अरबी साहित्यशास्त्राचा) तिसरा भाग आटवून त्यांनी ‘तलखीसुल मिफ्ताह’ केली. आजही बलागत शिकायची तर सुटसुटीत मूळ पुस्तक हेच.

मांडणी चोख आहे. आधी फसाहत (भाषेची शुद्धता व स्पष्टता) आणि बलागतीच्या व्याख्या, मग मआनी (प्रसंगाला साजेशी वाक्यरचना), बयान (उपमा-रूपकं), बदीअ (अलंकार). मआनीच्या पहिल्याच प्रकरणात काझीची नजर दिसते: ऐकणारा कोण, त्यावर वाक्य ठरतं. मन कोरं असेल तर साधं विधान पुरे. शंका असेल तर जोर देणारं ‘इन्ना’ (‘खरोखर’) लावणं बरं. साफ नाकारत असेल तर जोर वाढवायलाच हवा. दाखला सूरह यासीनचा. दूतांना खोटं ठरवल्यावर ते आधी ‘इन्ना इलैकुम मुर्सलून’ (‘खरोखर आम्ही तुमच्याकडे पाठवलेले आहोत’) म्हणतात (आयत 14). पुन्हा नाकारल्यावर ‘रब्बुना यअलमु’ (‘आमचा रब जाणतो’) अशी साक्ष काढून, आणखी जोराचा ‘ल’ लावून ‘ल-मुर्सलून’ (आयत 16). तो एक ‘ल’ का आला, हे इतक्या थोडक्यात क्वचितच कोणी सांगितलं असेल.

हाच थोडकेपणा नडतोही. शेर अर्धाच दिलेला असतो, सक्काकींशी असलेला वाद एका ओळीत उरकलेला. ‘वसंताने गवत उगवलं’ हा मजाझ अक्ली (क्रिया खऱ्या कर्त्याऐवजी दुसऱ्याच्या नावे लावणं), असं काझवीनी मानतात. सक्काकी तो इस्तिआर्‍यात (रूपकात) ढकलतात. हे नीट कळायला काझवीनींचंच ‘ईझाह’ हे सविस्तर पुस्तक शेजारी लागतं.

मदरशांत चालते ती ‘तलखीस’वरची तफ्ताझानींची शरह (टीका), ‘मुख्तसरुल मआनी’. तिच्या जुन्या शिळाप्रेसी प्रतींत मतनावर (मूळ मजकुरावर) आडवी रेघ आणि चहूबाजूंनी बारीक हाशिया (समासातल्या टिपा) असतो. फोटो काढून पुन्हा छापलेल्या प्रतींत ही रेघ पुसट होते आणि मतन कुठे संपलं, शरह कुठे सुरू झाली ते कळत नाही. शिलाईकडचा हाशिया बांधणीत गडप होतो तो वेगळाच. दुकानात मधलं पान उघडून या दोन्ही गोष्टी बघाच. नवख्याने मतन ठळक, एराब (स्वरचिन्हं) दिलेले आणि शेर तळटीपेत पूर्ण केलेले असतील अशीच प्रत घ्यावी. कागद जरा हलका असला तरी चालेल.

मराठीतल्या शब्दालंकार-अर्थालंकारांची सवय असेल तर बदीअ ओळखीचं वाटेल, पण सुरुवात तिथून नको. काझवीनींच्या लेखी ती नंतरची सजावट. मआनी पक्कं नसेल तर नुसती नावं पाठ होतात.